आठ की सोळा?

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. स्टेशन कुठलंही घ्या, कॉलेजच्या रस्त्याला लागलात की झेरॉक्सचं एक दुकान असतंच. काउंटरला दोरीनं बांधलेला स्टेपलर, फेव्हिकॉलची सुकलेली बाटली, आणि आत पडद्यामागे एक स्टूल. तुम्ही स्टुलावर बसता. मान जरा खाली, चष्मा काढा, हसू नका. फ्लॅश पडतो. तुम्ही केस सारखे करत बाहेर येता तोवर दुकानातले काका स्क्रीनकडे बघतच विचारतात, 'आठ की सोळा?'

तुम्ही 'आठ' म्हणता. आयकार्डाला एक, लायब्ररीला एक, एक्झाम फॉर्मला एक, एनएसएसच्या फॉर्मला दोन. उरलेले पाकिटात राहतात आणि वर्षभरानं कोपरे दुमडून सापडतात. तोपर्यंत तुमची हेअरस्टाइल बदललेली असते.

हे आठ कुठून आले, कधी विचार केलाय? दुकानदाराच्या मनात आलं म्हणून आठ नाहीत. पासपोर्ट साइझ म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटर. फोटोपेपर असतो चार बाय सहा इंचाचा, म्हणजे साधारण १०२ बाय १५२ मिलिमीटर. कागद आडवा धरा. रुंदीत चार फोटो बसतात, उंचीत दोन. चार दुणे आठ. म्हणून आठ, आणि दोन कागद काढले की सोळा. (गंमत म्हणजे ज्याच्या नावानं हा फोटो ओळखला जातो त्या पासपोर्टला तो आता लागतच नाही. अंधेरीच्या किंवा मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेलात तर मोठ्या माणसांचा फोटो तिथंच काउंटरवर काढतात.)

ही आठांची युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरनं १८५४ साली एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. एका काचेवर साधारण आठ फोटो यायचे. ते कापून व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. तोपर्यंत फोटो काढणं हा श्रीमंतांचा खेळ होता. एका खर्चात आठ मिळायला लागल्यावर साध्या माणसांना तो परवडायला लागला, आणि लोक एकमेकांना स्वतःचे फोटो वाटत सुटले. त्याच १८५४ साली आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग. म्हणजे कॉलेजात फोटोचं वेड असणं हेही काही तुमच्या पिढीनं आणलेलं नाही.

पण मला आज तुमच्याशी बोलायचंय ते वेगळ्याच आठ फोटोंबद्दल.

माझी आजी, आईची आई, कुर्ल्याला चाळीत तळमजल्यावर राहायची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तो पाऊस. मी तेव्हा तिसरीत होते. आजी आणि मामा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेले म्हणून वाचले. घरात कपाटाच्या खालच्या खणात अल्बम होता, काळ्या पानांचा, कोपरे लावलेला. पाणी ओसरल्यावर मामानं तो बाहेर काढला, गच्चीत वाळत घातला, आणि दोन दिवसांनी पानं सुटी करायला गेला. फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो भिजून वाळला की एक फोटो दुसऱ्याला डिंक लावल्यासारखा चिकटतो. मामानं ओढले. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर निघून आला. खरं तर असे फोटो सुकू द्यायचे नसतात. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलके हलके सुटे करायचे आणि मग वाळवायचे. पण हे तेव्हा आमच्यात कुणाला माहीत? आजीच्या लग्नाचा, आईच्या बारशाचा, आजोबांच्या गिरणीतला, असे सगळे फोटो त्या गच्चीवर गेले.

त्यानंतर घरात फोन आले. आधी मामाकडे, मग आईकडे, मग सगळ्यांकडे. फोटो इतके निघाले की मोजता येऊ नयेत. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आजी गेली तेव्हा तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो शोधायचा, एवढं साधं काम होतं. आईच्या फोनमध्ये सहा हजार फोटो. मामाच्या फोनमध्ये त्याहून जास्त. माझ्याकडचे तर मी सांगतही नाही. आम्ही तिघं रात्री दीडपर्यंत स्क्रोल करत बसलो होतो.

आजी सगळीकडे होती, आणि कुठंच नव्हती. गणपतीच्या आरतीत अर्धी कापलेली. मोदक वाढताना पाठमोरी. व्हिडिओ कॉलच्या स्क्रीनशॉटमध्ये नुसतं कपाळ आणि छताचा पंखा. माझ्या वाढदिवसाच्या फोटोत केकच्या मागं धूसर. तिचा एकटीचा, समोर बघत असलेला, एक फोटो नाही. का नाही? कारण कुणी काढला नाही. फोटो काढायची वेळ आली की ती म्हणायची, 'मी कशाला, तुम्ही पोरं उभी राहा.' आणि आम्ही पोरं उभी राहायचो.

शेवटी एक सापडला. मावसबहिणीच्या लग्नातला ग्रुप फोटो, दहा जण ओळीत, आजी कडेला, पण सरळ बघतेय आणि थोडी हसतेय. तोही व्हॉट्सॲपवरून आलेला. मूळ फाइल ज्याच्याकडे होती त्याचा फोन कधीच बदलला होता.

सकाळी मी तो घेऊन आमच्या मुलुंडच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे गेले. म्हटलं, आठ बाय दहाची फ्रेम करायचीय. काकांनी फोटो मोठा केला, माऊसनं आजीच्या चेहऱ्याभोवती चौकोन काढला आणि मान हलवली. 'ताई, मोठा केला की फाटेल.'

'फाटेल' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेल रुंदीवर येतो. त्यात दहा माणसं. म्हणजे आजीच्या वाट्याला आला चेहरा जेमतेम शंभर पिक्सेलचा. चांगल्या प्रिंटला एका इंचात तीनशे पिक्सेल लागतात. आठ बाय दहाच्या फ्रेममध्ये चेहरा चार इंचांचा होणार, म्हणजे इंचाला पंचवीस. चौकडीच्या वहीवर रंगवल्यासारखा दिसला असता.

काका म्हणाले, 'छोटा करू या. छोट्यात छान दिसेल.' त्यांनी शेजारच्या काकूंचा खांदा जमेल तेवढा पुसला (जरीचा काठ एका कडेला अजून दिसतो), मागं फिकट निळा रंग भरला, ३५ बाय ४५ मध्ये कापला आणि सवयीनं बटणं दाबली. फोटोशॉपमध्ये या लोकांची एक ठरलेली कृती असते. एका फोटोला बारीक काळी रेघ मारायची, त्याचा पॅटर्न करायचा आणि तो चार बाय सहाच्या कोऱ्या पानात ओतायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. प्रिंटरमधून कागद आला तेव्हा त्यावर आठ आज्या होत्या. वर चार, खाली चार. सगळ्या थोड्या हसणाऱ्या.

आम्हाला हवा होता एक. काका कानकोंडे झाले, म्हणाले, 'सॉरी, सवय झालीय, आठच येतात.' मी म्हटलं, राहू दे.

त्या आठांपैकी एक पाटावर छोट्या फ्रेममध्ये ठेवला. एक आईच्या पर्समध्ये आहे, एक मामाच्या पाकिटात, दोन मावश्यांकडे. एक मावसबहिणीनं नेला, एक आजीच्या पोथीत ठेवला. आठवा माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत असतो. दिस्देरीची माणसं जे करायची तेच आम्ही केलं, फक्त ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तर माझं म्हणणं असं आहे. एका कागदावर किती फोटो मावतात हे सॉफ्टवेअर सांगतं, आणि ते शिकायला दहा मिनिटं लागतात. त्या कागदावर कोण असावं हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. ते तुम्हाला बसून ठरवावं लागतं, आणि माणसं समोर आहेत तोवर ठरवावं लागतं. कॉलेज संपायच्या आत एक कागद करा. तीन वर्षांचा मिळून एक ए-फोर. त्यावर पस्तीस फोटो.

पस्तीसच का? विंडोजवाल्यांसाठी याचं उत्तर सोपं आहे. एका फोल्डरमध्ये फोटो ठेवा, सगळे सिलेक्ट करा, राइट क्लिक करून प्रिंट म्हणा (नव्या विंडोजमध्ये ते 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत दडलेलं असू शकतं). उजव्या बाजूला मांडण्यांची यादी येते. पूर्ण पान, चार बाय सहा, एका पानावर नऊ फोटोंचं 'वॉलेट', आणि सगळ्यात खाली 'काँटॅक्ट शीट'. तिच्यात ए-फोरवर पस्तीस फोटो बसतात. हिशेबही छान जमतो. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटरचा. पाच उभे रकाने आणि सात आडव्या ओळी केल्या की प्रत्येकाला साधारण चार सेंटिमीटरचा चौकोन येतो. आणि चार सेंटिमीटरला चांगल्या प्रिंटसाठी पाचशेही पिक्सेल लागत नाहीत. म्हणजे तुमच्याकडचा लांबून काढलेला, कापलेला, अंधारातला फोटोसुद्धा इथं खपून जातो. काका म्हणाले तेच, छोट्यात छान दिसतं.

काँटॅक्ट शीट हे नाव फिल्मच्या काळातलं. छत्तीस फोटोंचा रोल असायचा. तो सहा-सहाच्या पट्ट्यांमध्ये कापून, पट्ट्या थेट फोटोपेपरवर टेकवून एकच प्रिंट काढायची. टेकवायची म्हणून काँटॅक्ट. त्या एका पानावर अख्खा रोल दिसायचा, फसलेले आणि डोळे मिटलेले फोटोही. मग फोटोग्राफर भिंग लावून बसायचा आणि जो मोठा करायचा त्याच्याभोवती रंगीत पेन्सिलीनं गोल करायचा. मला हे पान आवडतं ते यासाठी की त्यात सगळे एकाच मापाचे असतात. ॲपमधल्या कोलाजमध्ये एक फोटो मोठा, भोवती पाच लहान, वर एक बदाम आणि 'बेस्टीज फॉरेव्हर'. मोठ्या फोटोत कोण, यावरून तिथंच भांडण. काँटॅक्ट शीटमध्ये वॉचमन काका आणि तुमची क्रश एकाच आकाराचे.

आणि यात एक फार कामाची सोय आहे, जी बहुतेकांना माहीत नसते. विंडोजच्या काँटॅक्ट शीटमध्ये प्रत्येक फोटोच्या खाली फाइलचं नाव छापून येतं. म्हणजे आयएमजी आणि पुढं चौदा आकडे. ते बदला. प्रिंट काढायच्या आधी फाइलला नाव द्या: 'श्रुती, कँटीन, २०२४'. देवनागरीत टाइप केलंत तरी चालतं. नाव छोटं ठेवा, लांबलं की कापलं जातं. जुन्या फोटोंच्या मागं निळ्या शाईनं लिहिलेलं असायचं ना, 'चि. सुधा, वय २, डिसेंबर', तेच हे. आज तुम्हाला हसू येईल, श्रुतीचं नाव कोण विसरेल? दहा वर्षं जाऊ द्या. माझ्या एफवायच्या फोटोत उजवीकडून तिसरा मुलगा कोण आहे, हे मला आणि माझ्या ग्रुपमधल्या चौघींना मिळूनही सांगता आलेलं नाही. बडबड्या होता, डबा शेअर करायचा, एवढंच आठवतं.

विंडोज नसेल तरी अडत नाही. वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये पाच बाय सातचं टेबल करा, चौकोनांची मापं बांधून टाका, एकेक फोटो आत टाका, खाली नाव लिहा. वेळ जास्त लागतो, पण ओळ कुठली कुणाची हे तुमच्या हातात राहतं. पासपोर्ट फोटोही असेच घरी मांडता येतात. ए-फोरवर मध्ये तीन मिलिमीटरची फट सोडून पाच बाय सहा म्हणजे तीस बसतात. तीस पासपोर्ट फोटो कुणाला लागतात हा प्रश्न वेगळा. पण पाच मैत्रिणींनी मिळून एक कागद काढला तर प्रत्येकीला सहा.

आता यात लोक कुठं आपटतात ते सांगते, कारण मी सगळीकडे आपटलेय. पहिलं म्हणजे 'फिट पिक्चर टू फ्रेम'. वॉलेट किंवा चार बाय सहाच्या मांडणीत ही टिक आधीपासून असते. चौकट पूर्ण भरावी म्हणून ती फोटोच्या कडा खाते. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्यांची डोकी जातात. टिक काढा. कडेला पांढरी पट्टी राहील, राहू दे. दुसरं, घरी मापात केलेली पीडीएफ दुकानात नेली आणि तिथल्या मुलानं ती 'फिट टू पेज'वर छापली, की सगळं थोडं आक्रसतं. एका फॉर्मसाठी मी अशीच प्रिंट नेली होती. पस्तीस मिलिमीटरचा फोटो तेहतीसचा झालेला, आणि खिडकीतल्या बाईंनी चक्क पट्टी लावून परत पाठवला. 'ॲक्चुअल साइझ' किंवा शंभर टक्के, एवढं दुकानात तोंडानं सांगा, आणि आधी साध्या कागदावर एक प्रिंट काढून स्वतःची पट्टी लावा. तिसरं तुम्हाला आता कळलंच असेल. फोटो मागवताना मूळ फाइल मागा, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. 'अगं तोच फोटो आहे' म्हणेल समोरचा. तोच नसतो.

मी हे सगळं माझ्या धाकट्या भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'ताई, प्रिंट कोण काढतं आता? सगळं क्लाउडवर असतं की.' तो घाटकोपरला शिकतो, एसवायला आहे, तुमच्यातलाच. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. प्रिंट अमर नसते, हे कुर्ल्यात अल्बम वाळत घातलेल्या घराला शिकवायला नको. झेरॉक्सच्या दुकानातली शाई तर फोटोपेपरवरही पाण्याचा थेंब पडला की पसरते आणि उन्हात उडते. क्लाउडवर ठेवाच. पण क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरचं कपाट, हेही लक्षात असू द्या. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. तुम्ही तेव्हा दुसरी-तिसरीत असाल. गूगलनं पिकासा २०१६ मध्ये बंद केलं. गूगल फोटोजमध्ये अमर्याद फुकट जागा होती ती १ जून २०२१ ला संपली, आता पंधरा जीबीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं. 'स्टोरेज फुल' आलं की आपण काय करतो? सिलेक्ट ऑल, डिलीट. नाहीतर आईच्या कार्डवरून महिन्याचे पैसे भरतो. आणि ते भरणं थांबलं की काय, हा विचार विसाव्या वर्षी कुणी करत नाही.

माझ्या एका फोटोची गोष्ट सांगते. ८ जून २०१४ ला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली. आमचं कॉलेज नुकतंच सुरू झालेलं, कुणाची नीट ओळखही नव्हती, आणि आम्ही सात जणी लेक्चर बुडवून मुलुंडहून घाटकोपरला उतरलो आणि उगाचच वर्सोव्यापर्यंत जाऊन आलो. डब्यात एसी, खिडकीतून अंधेरीच्या लोकांच्या गच्च्या आणि वाळत घातलेले कपडे दिसत होते. त्या फेरीत आमचा ग्रुप झाला. फोटो काढला होता, मला पक्कं आठवतंय, दारापाशी सात जणी. ज्या फोनमध्ये होता तो फोन वर्षभरात बोरिवलीच्या गर्दीत मारला गेला. बॅकअप? तेव्हा बॅकअप हा शब्दच आमच्या तोंडी नव्हता.

गेल्या वर्षी मी माझा उशिराचा कागद केला. कॉलेजच्या तीन वर्षांचा. मेट्रोवाल्या फोटोची जागा मी रिकामी सोडली आणि खाली नाव तेवढं छापलं. (पांढऱ्या कोऱ्या फोटोची एक फाइल करून तिला नाव दिलं, काँटॅक्ट शीट फसते.)

पस्तीस निवडणं सोपं वाटतं. करून बघा. मी बसले तेव्हा पहिल्या फेरीत चारशे निघाले आणि त्यातल्या तीनशेंत मीच होते. एकाच जागी, एकाच कुर्त्यात, अठरा वेळा. मग स्वतःला अट घातली. पस्तीसात मी पाचांपेक्षा जास्त नको. त्यानंतर खरे फोटो दिसायला लागले. फेस्टच्या रात्री पडद्यामागं झोपलेला साउंडवाला. लायब्ररीतल्या मॅडम, ज्या फोटोत नेहमी 'शांतता राखा'च्या पाटीखालीच असायच्या. आमच्या ग्रुपची फोटो काढणारी मैत्रीण, जिचा स्वतःचा फोटो तीन वर्षांत फक्त दोन ठिकाणी सापडला, त्यातला एक आरशातला. प्रत्येक ग्रुपमध्ये अशी एक असते, अंगठा शटरवर ठेवून उभी राहणारी. तिच्या हातातून फोन घ्या आणि तिचा फोटो काढा. आजच काढा, कँटीनमध्ये बसलीय तशीच.

घरचीही माणसं त्या कागदावर येऊ द्या. कॉलेजचा कागद म्हणून ती वगळायची कशाला? सकाळी सहा बावनच्या लोकलसाठी डबा करणारी आई कॉलेजचाच भाग असते. फक्त तिचा फोटो काढताना ती 'थांब, केस विंचरते' म्हणेल, तेव्हा थांबा. आणि एकटीचा काढा. समोरून, खिडकीच्या उजेडात, मूळ फाइल जपून ठेवून. मला हे का सांगावंसं वाटतंय ते तुम्हाला कळलं असेलच.

निवडताना भांडणं होतील. चार जणांनी मिळून एक कागद करायला बसलात तर जास्तच होतील. ब्रेकअप झालेलं जोडपं घ्यायचं की नाही? तिसऱ्या सेममध्ये कॉलेज सोडून गेलेला घ्यायचा का? माझ्या मते घ्यायचा. ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोही. चार सेंटिमीटरच्या चौकोनात कुणी कुणाला त्रास देत नाही. पण तुमच्या कागदावर काय असावं हे मी सांगणारी कोण, तुम्ही भांडा.

कागद तयार झाला की त्याच्या जितके जण तितक्या प्रती काढा. साध्या कागदावर नको, चांगल्या फोटोपेपरवर, आणि जमलं तर फोटो लॅबमध्ये, तिथल्या प्रिंट जास्त टिकतात. पीडीएफ आणि मूळ पस्तीस फोटो एका फोल्डरमध्ये करून प्रत्येकाच्या ड्राइव्हवर टाका. एक प्रत आईकडे द्या, आया कागद टाकत नाहीत.

हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरका. परीक्षा संपलेली असते, दुकानातले काका मोकळे असतात, बसून कडा सरळ करून देतात, चहासुद्धा विचारतात. जूनमध्ये जाऊ नका. ॲडमिशनची रांग रस्त्यापर्यंत आलेली असते, छत्र्या गळत असतात, आणि तुम्ही काही सांगायला तोंड उघडाल त्याआधीच पडद्यामागून आवाज येईल, 'आठ की सोळा?'